पहिल्या संगणकाची निवड विजेच्या बोर्डापासून

मर्यादित पैशांत घरचा पहिला डेस्कटॉप संगणक घ्यायचा ठरला, की ग्राहकाची चौकशी बहुधा प्रोसेसरपासून, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या मुख्य भागापासून, सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. 'आय-थ्री घ्यावा की आय-फाइव्ह' या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे संगणक ठरला, अशी समजूत रूढ आहे. वाशिमसारख्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर राहतो, वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात वीज जाते आणि बिघडलेला सुटा भाग मनासारखा बदलून घ्यायचा तर अनेकदा अकोला, अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. अशा ठिकाणी निवडीचा हा क्रम उलटा असणेच अधिक शहाणपणाचे ठरते. आजचा अगदी खालच्या श्रेणीतील नवा प्रोसेसरही पत्रलेखन, हिशेब, ऑनलाइन अर्ज, अभ्यास आणि साधे चित्रसंपादन सहज पेलतो. त्यामुळे तो संगणक पाच वर्षे टिकेल की पाच महिन्यांत कुरकुरू लागेल, हे प्रोसेसरपेक्षा वीजपुरवठा, उष्णता, साठवण आणि वॉरंटी यांवरच अधिक ठरते.

वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव आले. येथे पहिला संगणक घेणारे कुटुंब बहुधा खेळांसाठी तो घेत नाही. एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमानंतर घरी सराव करू पाहणारा विद्यार्थी, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेसाठी मिनिटाला तीस-चाळीस शब्दांचा वेग कमावणारी उमेदवार, गावात सेवा केंद्र चालवू इच्छिणारा तरुण, कृषी सेवा केंद्राचा किंवा अडतीचा हिशेब संगणकावर नेणारा व्यापारी, असे या ग्राहकांचे प्रकार असतात. यांतील प्रत्येकाची गरज वेगळी असली तरी, छायाचित्रण व चलचित्र संपादनाचा व्यवसाय करणारा सोडल्यास, कोणालाही स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची आवश्यकता नसते. हे एकदा मान्य झाले, की अंदाजपत्रकातील फार मोठी रक्कम मोकळी होते.

संगणकाचे सुटे भाग वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेऊन जोडता येतात, ही सोय मुळात एका व्यापारी निर्णयातून जन्मली. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम या कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा वेळ वाचवण्यासाठी तिने इंटेलच्या ८०८८ प्रोसेसरसह बहुतेक भाग बाहेरून घेतले आणि यंत्राची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध केली. परिणामी इतरांना तसेच यंत्र आणि त्याला जुळणारे भाग बनवता आले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक मांडले आणि मदरबोर्डावरील, म्हणजे सर्व भागांना एकत्र जोडणाऱ्या पाटीवरील, स्क्रूंची छिद्रे कुठे असावीत, वीज देणारी जोडणी कशी असावी, हे ठरून गेले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस येथील 'असेंबल्ड' संगणकांचा सारा व्यापार या सुसंगतीवर उभा राहिला. जिल्ह्याच्या ठिकाणचा दुकानदार संगणक जोडून देतो, तोही याच मानकाच्या आधाराने.

निवडीची सुरुवात मात्र दुकानात नव्हे, तर घरातील विजेच्या बोर्डापाशी व्हायला हवी. तीन पिनांच्या सॉकेटमधील वरचे जाड छिद्र म्हणजे अर्थिंग, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत सोडणारी वाट. जुन्या घरांत ही वाट पुष्कळदा नावापुरती असते. तार सॉकेटपर्यंत आलेली असते, पण जमिनीत काहीच नसते, किंवा प्लगची जाड पिन काढून तो दोन छिद्रांच्या बोर्डात बसवलेला असतो. संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात, म्हणजे एसएमपीएसमध्ये, विजेतील खरखर गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर बसवलेले असतात आणि ते धातूच्या कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल, तर या कपॅसिटरांमुळे कॅबिनेटवर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब चढतो. त्यातून वाहणारा प्रवाह अत्यल्प असल्याने हाताला केवळ झिणझिण्या येतात. तथापि चालू संगणकाला मॉनिटरची किंवा इंटरनेटची केबल जोडताना हाच प्रवाह नाजूक जोडणीतून वाट काढतो आणि मदरबोर्डावरील पोर्ट निकामी करू शकतो. वाशिमच्या काळ्या जमिनीत आणखी एक अडचण आहे. ही माती ओली असताना वीज उत्तम वाहून नेते, परंतु उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते आणि पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कुचकामी ठरते. म्हणूनच त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालण्याची जुन्या वायरमनची शिफारस शास्त्राला धरून आहे. वायरमनकडून अर्थिंग तपासून घेण्याचा खर्च संगणकाच्या कोणत्याही भागापेक्षा कमी असतो, आणि तरीही कुठल्याही कोटेशनमध्ये तो दिसत नाही.

बोर्डानंतर क्रम लागतो तो एसएमपीएसचा. हा भाग घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो आणि बाकीचे सारे भाग त्याच्यावर विसंबून असतात. दुकानांत 'कॅबिनेट विथ एसएमपीएस' अशी जोडगोळी स्वस्तात मिळते. तिच्यातील डब्यावर ४५० वॅट असे छापलेले असले, तरी तो तेवढी वीज दीर्घकाळ देईलच याची खात्री नसते, आणि दाब अचानक वाढल्यास स्वतः बंद पडून इतरांना वाचवणारी संरक्षक रचना त्यात पुष्कळदा नसते किंवा तोकडी असते. याउलट '८० प्लस' हे प्रमाणचिन्ह असलेला एसएमपीएस ठरलेल्या भारांवर किमान ८० टक्के कार्यक्षमतेने चालतो, हे चाचणीने सिद्ध झालेले असते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक पूर्ण भारावरही साधारण शंभर वॅटच्या आसपासच वीज घेतो. त्यामुळे नामांकित कंपनीचा, '८० प्लस ब्राँझ' दर्जाचा ४५० वॅटचा डबा पुरून उरतो आणि हजार वॅटच्या मोहात पडण्याचे कारण राहत नाही. पैसे वाचवण्याची वेळ आलीच, तर ते इतरत्र वाचवावेत. एसएमपीएसमध्ये वाचवलेले पैसे सर्वांत महाग पडतात.

वीज जाताच बॅटरीवर संगणक चालू ठेवणारा यूपीएस ही या परिसरात चैन नव्हे, आवश्यकता आहे. भारनियमन नसले तरी, रब्बीच्या हंगामात कृषिपंप सुरू झाल्यावर ग्रामीण वाहिनीवरचा दाब उतरणे आणि पंप बंद होताच तो चढणे, हा अनेक गावांचा अनुभव आहे. घरगुती वापराचा ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट भार पेलतो. त्यातील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा मावते आणि सव्वाशे वॅटचा भार असेल, तर काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यापुरता अवधी त्यातून निश्चित मिळतो. ही शिसे-आम्लाची बॅटरी उष्णतेला फार भिते. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा सर्वमान्य आडाखा आहे, म्हणून पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी दोन-अडीच वर्षांतच बदलावी लागली, तर तो कंपनीचा दोष मानण्याचे कारण नाही. घरात इन्व्हर्टर असल्यास वेगळा यूपीएस टाळता येतो, पण एका अटीवर. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर जेमतेम १६ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ तग धरतो. इन्व्हर्टर साध्या स्थितीत असेल, तर त्याला बॅटरीवर येण्यास याहून अधिक वेळ लागू शकतो आणि संगणक बंद पडतो. बहुतेक इन्व्हर्टरांच्या मागे 'यूपीएस' स्थितीचे एक बटण असते, ते दाबलेले असणे आवश्यक असते. विजा कडाडत असताना मात्र यूपीएस असो वा नसो, प्लग काढून ठेवणे हाच उपाय आहे.

यानंतर प्रोसेसर. बाजारातील सर्वांत मोठी फसगत याच भागात होते, कारण इंटेलचे 'आय-सेव्हन' हे नाव एकाच प्रोसेसरचे नसून दीड दशकभर चालत आलेल्या मालिकेचे आहे. जानेवारी २०११ मधील कोअर आय-७ २६०० आणि जानेवारी २०२२ मधील कोअर आय-३ १२१०० या दोहोंत चार गाभे, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करू शकणारे चार भाग आहेत; तरीही नव्या आय-थ्रीचा वेग जुन्या आय-सेव्हनच्या सुमारे दुप्पट भरतो. 'आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्डसह' अशा अविश्वसनीय स्वस्त जाहिरातींत पुष्कळदा हाच जुना, वापरून काढलेला प्रोसेसर नव्या चकचकीत कॅबिनेटमध्ये बसवलेला असतो आणि सोबतचे ग्राफिक्स कार्ड कधी २००९ मधील जीफोर्स २१० असते, जे आजच्या अनेक प्रोसेसरांतील अंगभूत चित्रक्षमतेपुढेही टिकत नाही. नावापुढचा आकडा हीच खरी ओळख होय. त्यातील १२१०० मधला १२ हा बाराव्या पिढीचा निदर्शक आहे. आकड्यानंतरचे अक्षरही तितकेच महत्त्वाचे आहे. इंटेलच्या १२१००एफ मधील 'एफ' म्हणजे त्यात चित्र दाखवणारा भाग नाही, म्हणजेच वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय पडदा उजळणार नाही. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या रायझन ५ ५६००जी मधील 'जी' म्हणजे तो भाग त्यातच आहे. एफ चिन्हाचा प्रोसेसर थोडा स्वस्त दिसतो म्हणून घेणारा ग्राहक घरी आल्यावर कोऱ्या पडद्यासमोर बसतो. लेखन, हिशेब आणि अभ्यास यांसाठी १२१००, तर त्यासोबत थोडे छायाचित्र व चलचित्र संपादन करायचे असल्यास सहा गाभ्यांचा ५६००जी ही दोन नावे तुलनेसाठी धरावीत. दुकानात त्या दिवशी मिळणारा पर्याय त्यांच्या तोडीचा आहे का, एवढे पाहिले तरी पुरते.

मदरबोर्ड प्रोसेसरच्या सॉकेटला, म्हणजे तो बसवण्याच्या जागेला, जुळणारा लागतो. आय-३ १२१०० ला एलजीए १७०० हे सॉकेट लागते आणि त्याच सॉकेटवर तेराव्या व चौदाव्या पिढीचे प्रोसेसरही बसत असल्याने पुढे वाढीला वाव राहतो. ५६००जी ला एएम ४ लागते. एएमडीच्या २०२२ पासूनच्या एएम ५ सॉकेटवर केवळ डीडीआर ५ प्रकारची रॅम चालते, एएम ४ वर केवळ डीडीआर ४, तर एलजीए १७०० मध्ये ते मदरबोर्डागणिक बदलते. या दोन्ही रॅम एकमेकींच्या जागी बसत नाहीत. दूरच्या शहरातून खरेदी करणाऱ्यासाठी येथे एक छुपा धोका आहे : दुकानात बराच काळ पडून राहिलेला बी ४५० सारखा जुना मदरबोर्ड नंतर आलेल्या प्रोसेसरला ओळखत नाही, कारण त्यातील बायोस, म्हणजे संगणक सुरू होतानाची मूळ आज्ञावली, जुनी असते. ती अद्ययावत करून, सर्व भाग जोडून, पडदा उजळलेला पाहिल्याशिवाय दुकान सोडू नये.

रॅमच्या, म्हणजे चालू काम तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्मृतीच्या, बाबतीत सध्याचा काळ ग्राहकाला प्रतिकूल आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी स्मृतिपट्ट्यांची मागणी इतकी वाढवली, की २०२५ च्या अखेरीस जगभर रॅमचे भाव झपाट्याने चढले आणि मायक्रॉन कंपनीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्या क्रुशियल या ग्राहकोपयोगी नाममुद्रेचा व्यवसाय गुंडाळण्याची घोषणा केली. त्यामुळे वर्षभरापूर्वीच्या यूट्यूबवरील याद्या पाहून अंदाजपत्रक आखणाऱ्याचा हिशेब आता चुकतो. आठ जीबीच्या दोन पट्ट्या ही आदर्श रचना आहे, कारण दोन पट्ट्या असल्यास प्रोसेसर दोन्हींकडून एकदम माहिती घेतो आणि अंगभूत ग्राफिक्स, जे याच रॅमचा वापर करते, त्याचा वेग लक्षणीय वाढतो. तेवढे परवडत नसेल, तर आज आठ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी जागा मोकळी ठेवणे हा मार्ग एसएमपीएसवर काटकसर करण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, कारण रॅम नंतर वाढवता येते, जळालेला मदरबोर्ड मात्र परत येत नाही.

साठवणीसाठी एसएसडीच, म्हणजे फिरते भाग नसलेली साठवण, घ्यावी, याविषयी आता मतभेद उरलेला नाही. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण दीडशे एमबी वाचते, साटा प्रकारची एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, तर मदरबोर्डावरच बसणारी एनव्हीएमई प्रकारची त्याच्या कित्येक पट. ५०० जीबीची एनव्हीएमई घरासाठी पुरेशी होते.

पडद्याकडे मात्र मराठी वाचकाने अधिक बारकाईने पाहायला हवे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, शिवाय 'ष्ट्र', 'र्‍य', 'द्ध' यांसारखी जोडाक्षरे असल्याने एका ओळीला रोमन लिपीपेक्षा अधिक उभे बिंदू लागतात. १३६६ गुणिले ७६८ बिंदूंच्या जुन्या पडद्यावर लहान अक्षरांतील अनुस्वार आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात आणि टंकलेखनाचा सराव करणाऱ्याचे डोळे शिणतात. बावीस ते चोवीस इंचांचा, १९२० गुणिले १०८० बिंदूंचा आणि बाजूने पाहिल्यासही रंग न बदलणाऱ्या आयपीएस प्रकारचा मॉनिटर हा दीर्घकाळ टिकणारा खर्च आहे, कारण संगणक बदलला तरी पडदा तोच राहतो. टंकलेखनाच्या उमेदवाराने कीबोर्डावरही थोडे अधिक पैसे खर्चावेत.

कॅबिनेट निवडताना काचेच्या भिंती आणि रंगीत दिव्यांपेक्षा समोर जाळी आहे का, हे पाहावे. खोलीचे तापमानच ४२ अंश असेल, तर पंख्याने आत येणारी हवाही तितकीच गरम असते. ५६००जी ची कमाल मर्यादा ९५ अंश आहे आणि ती जवळ येताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे उन्हाळ्यात दुपारी संगणक मंद होण्याचे कारण विषाणू नसून हवा असू शकते. जाळीमागे धूळ अडवणारा पडदा असावा, कारण सोयाबीन आणि तुरीच्या मळणीच्या दिवसांत गावातील हवेत भुसा उडत असतो. मागच्या बाजूच्या उघड्या फटी झाकणाऱ्या पट्ट्याही जागेवर असाव्यात. दुरुस्तीला आलेल्या संगणकांतून पाली निघणे ही तंत्रज्ञांना नवी गोष्ट नाही.

नव्या संगणकाइतके पैसे नसतील, तर मोठ्या कंपन्यांनी भाडेकरार संपल्यावर परत केलेले आणि दुरुस्त करून विकले जाणारे कार्यालयीन संगणक हा प्रामाणिक पर्याय आहे. त्यांची बांधणी मजबूत असते, परंतु त्यांतील एसएमपीएस आणि मदरबोर्ड बहुधा त्याच कंपनीच्या विशिष्ट आकाराचे असल्याने बिघडल्यास बाजारातील साधा भाग बसत नाही. शिवाय विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा संगणक घ्यायचा तर तो लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या कार्यप्रणालीसाठीच घ्यावा. उबुंटू किंवा लिनक्स मिंट या तिच्या आवृत्त्या विनामूल्य आहेत, त्यांत मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आधीच असतो आणि लिब्रेऑफिसमध्ये पत्रे व तक्ते होतात. ज्या अभ्यासक्रमाची किंवा परीक्षेची तयारी विंडोजवरच करावी लागते, त्याच्यासाठी मात्र अधिकृत विंडोजचा खर्च सुरुवातीलाच अंदाजपत्रकात धरावा. दुकानदाराने 'टाकून दिलेले' विंडोज बहुधा चोरीचे असते, आणि ते सक्रिय करणाऱ्या आज्ञावलीतून बँकेचे पासवर्ड चोरणारे सॉफ्टवेअरही येऊ शकते.

राहता राहिला प्रश्न खरेदी कुठून करावी याचा. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जात असल्याने नागपूरची बाजारपेठ जवळ आली आहे, आणि ऑनलाइन भाव तर हातातील फोनवर दिसतात. तरीही शे-पाचशे रुपयांच्या फरकासाठी वाशिमच्या दुकानदाराला सोडणे नेहमीच फायद्याचे नसते, कारण वॉरंटीत भाग बदलून आणण्याची धावपळ तोच करतो. कुठूनही घेतले, तरी संपूर्ण संगणकाचे एकच ठोक बिल न घेता प्रत्येक भागाचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहिलेले जीएसटीचे पक्के बिल मागावे, कारण प्रोसेसर, एसएसडी आणि एसएमपीएस यांची वॉरंटी वेगवेगळ्या कंपन्यांची आणि वेगवेगळ्या मुदतीची असते. कच्च्या चिठ्ठीवर मिळणारी सूट ही त्या वॉरंटीची किंमत असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार विक्रेत्याच्या गावीच नव्हे, तर ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही दाखल करता येते. म्हणजे नागपूरहून किंवा ऑनलाइन घेतलेल्या सदोष भागासाठी रिसोड किंवा मानोऱ्याच्या ग्राहकाला वाशिमच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क लागत नाही, आणि त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.